उघडे डोळे, मिटलेले डोळे

हृदय थांबले की दहा-पंधरा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू खातो आणि शिल्लक जवळजवळ काहीच ठेवत नाही. चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात, पण सगळ्या एकदम नव्हेत. विचार आणि स्मृती सांभाळणारे भाग आधी बळी पडतात. श्वास आणि झोप-जाग यांची व्यवस्था पाहणारा मेंदूस्तंभ चिवट असतो.

या फरकाचा अर्थ परळच्या केईएम रुग्णालयाने जवळजवळ ४२ वर्षे पाहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला. त्या जगल्या, डोळे उघडत, मिटत, श्वास आपसूक चाले. पण भान परतले नाही. अशा स्थितीला जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी १९७२ मध्येच नाव दिले होते: पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट. मराठीत आपण 'वनस्पतिवत अवस्था' म्हणतो. हा शब्द आम्हांला कधीच रुचला नाही.

त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने नेमलेल्या तिघा डॉक्टरांना या अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण झालेले दिसले. परिचारिका मात्र सांगत होत्या, त्यांना खाण्यातली आवडनिवड कळते. प्रतिसाद आहे, पण त्यामागे जाणीव आहे का, हे बाहेरून ठरवायचे कसे? ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

इथे डोळे उघडे होते. आता उलट प्रकार पाहू.

बंद पडलेले हृदय पुन्हा चालू झालेल्या रुग्णाला अतिदक्षता विभागात बहुधा गुंगीची औषधे देतात. ती मेंदूलाही वाचवतील, अशी एके काळी आशा होती. थायोपेंटोनची मोठी चाचणी झाली. १९८६ मध्ये निष्कर्ष आला, फायदा नाही. २००२ मध्ये शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड ठेवण्याच्या दोन चाचण्या आशादायक ठरल्या (२०२१ च्या मोठ्या चाचणीत ताप टाळण्यापेक्षा ३३ अंशांचा अधिक लाभ दिसला नाही). थंड केले की माणूस कुडकुडतो, म्हणून पुन्हा गुंगी आलीच.

आणि घोळ इथेच होतो. मिडॅझोलामसारखे औषध यकृत मोडते, त्याचे अवशेष मूत्रपिंडे बाहेर टाकतात. हृदय थांबले तेव्हा या अवयवांनाही फटका बसलेला असतो. त्यात अंग गार. औषध बंद केल्यावरही ते रक्तात रेंगाळते. हातपाय न हलवणारा रुग्ण मेंदू गेल्यामुळे निपचित आहे की औषधामुळे, हे पहिल्या दिवशी कळत नाही. काही जण बऱ्याच दिवसांनी जागे होतात, आणि नीट जागे होतात. त्याआधीच आशा सोडून उपचार थांबवले, तर ते जागे झाले असते का, हे कधीच कळणार नाही.

म्हणून युरोपातील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान ७२ तास थांबायचे, गुंगीचा अंमल उरला नसल्याची खात्री करायची आणि एकाच तपासणीवर निकाल द्यायचा नाही.