नापास विडीचा पुरावा

कारखान्यात बसून मालकाच्या पानातंबाखूच्या विड्या वळणारा माणूस कामगार असतो की स्वतंत्र कारागीर? प्रश्न बावळट वाटेल. पण नागपूर आणि सिन्नर इथल्या विडी कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने याची दोन उलट उत्तरं दिली आहेत. दोन्ही खटल्यांत मागणी साधीच होती: रजेचा पगार. कारखाना अधिनियम, 1948 नुसार तो फक्त 'कामगारा'ला मिळायचा.

तुमच्यापैकी जे श्रमाच्या इतिहासावर काम करायचं म्हणताहेत, त्यांनी हे दोन निकाल जोडीने वाचा. ऑल इंडिया रिपोर्टरच्या 1961 आणि 1962 च्या खंडांत मिळतील: बिर्धीचंद शर्मा आणि शंकर बालाजी वाजे.

आधी मोजपट्टी बघू. 1956 मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात, मिठागरातल्या आगरियांबद्दल, न्यायालयाने नियंत्रणाची कसोटी मांडली होती. काम कोणतं करायचं एवढंच मालक सांगतो, की ते कसं करायचं हेही सांगू शकतो? कसं करायचं हेही त्याच्या हातात असेल, तर समोरचा नोकर. आगरिया या कसोटीवर कामगार ठरले.

आता नागपूर. कामगार कारखान्यातच वळायचे, हजेरी लागायची, पण वेळेची बरीच मोकळीक होती आणि मजुरी नगावर. न्यायालय म्हणालं, विडी वळणं सोपं काम आहे, सतत डोक्यावर उभं राहायची गरज नाही. दिवसाअखेर खराब विड्या मालक नापास करतो, हीच देखरेख. म्हणून ते कामगार.

सिन्नरलाही मजुरी नगावरच. तिथे येण्याजाण्याची वेळ ठरलेली नव्हती. दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहिलं तरी चालायचं. त्याहून जास्त झालं तर कळवायचं, तेही परवानगीसाठी नाही, माणूस सोडून गेला की काय हे समजावं म्हणून. आणि इथेही संध्याकाळी खराब विड्या नापास व्हायच्या! पण यावेळी बहुमत म्हणालं, तयार माल नाकारणं म्हणजे काम चालू असतानाची देखरेख नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेला मालक सुटला. न्या. सुब्बाराव यांनी विरोधी मत नोंदवलं. बहुमताइतकंच तेही नीट वाचा.

मी मुळात विज्ञानाकडून आल्यामुळे मला हे फार खटकलं. रीडिंग तेच आणि निष्कर्ष उलटे. वेळेच्या मोकळिकीत फरक होता, हे खरं. पण नापास विडी दोन्हीकडे सारखीच होती, आणि तिचा अर्थ मात्र बदलला. 1973 मध्ये सिकंदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात तो पुन्हा फिरला. तिथले काही शिंपी कापड घरी नेत, दुसऱ्या दुकानांचंही काम करू शकत. तरी न्या. मॅथ्यू यांनी म्हटलं की शिवण नापंत करून परत उसवून शिवायला लावण्याचा हक्क म्हणजेच नियंत्रण. शिवणयंत्रं दुकानाची होती, हेही त्यांनी धरलं.

त्यामुळे जुन्या तक्त्यात 'कामगारांची संख्या' दिसली की ती थेट एक्सेलमध्ये टाकू नका. ती कोणत्या कायद्याखाली मोजली ते आधी बघा. कारखाना कायद्याखालची मोजणी असेल, तर घरी विड्या वळणाऱ्या बायका त्यात शोधून सापडायच्या नाहीत.

विडीपुरता हा घोळ संसदेने 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात सोडवला, तोही नियंत्रणाची कसोटी न सुधारता. तिला सरळ वळसा घातला. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि तुम्ही घरी विडी वळली, तर तुम्ही कर्मचारी ठरायचात. मालकाच्या नुसत्या परवानगीने काम करत असलात तरीही. मालकांनी या कायद्याला आव्हान दिलं. 1974 मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि ठेकेदारामागे असलेल्या मूळ मालकावर टाकलेली जबाबदारीही कायम ठेवली.