दवाखान्याच्या खिडकीपासून विद्यापीठापर्यंत

औषध देणारा माणूस म्हटला की कोकणातील जुन्या पिढीला दवाखान्याच्या खिडकीतला कंपाउंडर आठवतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहावी, त्याने मिक्स्चर तयार करून बाटलीत भरावे आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवावी, अशी रीत होती. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या सावलीत वसलेल्या अंजनवेलचा विद्यार्थी आता याच क्षेत्रात विद्यापीठाची चार वर्षांची पदवी घेऊ शकतो. ही वाटचाल कशी झाली हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेतले पाहिजे. कारण ही पदवी कशासाठी आहे, याचे उत्तर तिच्या इतिहासातच आहे.

हा व्यवसाय आपल्याला परका नाही. ‘अत्तार’ या शब्दाचा अर्थ सुगंधी द्रव्ये विकणारा, तसाच औषधी विकणारा असाही होतो. अकराव्या शतकात अल्‌-बिरुनी याने ‘किताब अस्‌-सैदना’ हा औषधींवरील ग्रंथ रचला आणि एकाच औषधीची अरबी, फारसी, ग्रीक, भारतीय अशी निरनिराळी नावे त्यात नोंदवली. नावात गल्लत झाली तर रोग्याच्या जिवाशी गाठ पडते, हे त्या विद्वानांनी ओळखले होते.

आपल्या देशात मात्र या विद्येला महाविद्यालयात स्थान मिळायला विसावे शतक उजाडले. बाजारात भेसळीची व निकस औषधे बोकाळली होती. म्हणून सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या अहवालाने औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे आणि औषध हाताळणारा माणूस शिकलेला हवा, या दोन गोष्टींवर भर दिला. प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे शिक्षण सुरू झाले व १९३७ मध्ये तेथे बी. फार्म.चा अभ्यासक्रम आला. १९४० मध्ये औषध कायदा झाला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. १९५७ साली मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी स्थापन झाले. पुढे हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. आपल्या चिपळूण तालुक्यात सावर्डे येथेही फार्मसी महाविद्यालय आहे.

बारावी विज्ञाननंतर या अभ्यासाला प्रवेश मिळतो. सकाळी व्याख्याने आणि पांढरा अ‍ॅप्रन घालून तासन्‌तास प्रॅक्टिकल, असा दिवस जातो. खलात चूर्ण घोटणे, मलम तयार करणे, तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत वजन करणे, प्रत्येक प्रयोग जर्नलमध्ये उतरवून सही घेणे आणि शेवटी तोंडी परीक्षा. आपल्या कुंपणाशी वाढणाऱ्या अडुळशाच्या पानाचा पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावा लागतो. कोकणच्या रानातील काजऱ्याच्या बीचा अभ्यास होतो. तिच्यात स्ट्रिकनीन हे जहाल विष असते, आणि तीच बी शुद्ध करून वैद्य व हकीम औषधात वापरत आले. मात्रा चुकली की औषधाचे विष होते, हा या शिक्षणातील पहिला आणि शेवटचा धडा होय.

या काटेकोरपणाचा कोणाला कंटाळा आला, तर त्याने १९८६ साल आठवावे. त्या वर्षाच्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. डोळ्यांना व जिभेला फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत अनेक ठिकाणी झालेली हेळसांड उघड झाली. विष रोग्यापर्यंत जाताना वाटेत अनेक हात होते, आणि एकाही हाताने ते अडवले नाही.

पालकहो, ‘मुलाला फार्मसीला घातले की मेडिकलचे दुकान निघते’ एवढाच विचार आपल्याकडे पुष्कळदा होतो. दुकान काढण्यात गैर काही नाही. परंतु प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगायचे, महिन्याला भाडे घ्यायचे आणि आपण भलत्याच ठिकाणी राहायचे, हा प्रकारही चालतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे, असा नियम आहे. भिंतीवरचा कागद देखरेख करू शकत नाही. भाड्याने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे रोग्याच्या रक्षणासाठी उभा केलेला पहारेकरी जागेवरून उठवणे होय.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावी पदवीधर फार्मासिस्ट झालात तर खिडकीत स्वतः उभे राहा. चिठ्ठी वाचा, शंका आली तर डॉक्टरांना विचारा, मुदत संपलेले औषध बाजूला काढा आणि ज्या म्हातारीला वाचता येत नाही तिला गोळी केव्हा घ्यायची ते दोनदा समजावून सांगा. चोपडा समितीने शिकलेला माणूस मागितला होता तो याच कामासाठी.