वादळ पाठलागातील जीपीएस-लॅपटॉप जोडणी

वादळ पाठलागातील जीपीएस-लॅपटॉप जोडणी म्हणजे वादळांचा पाठलाग करणाऱ्या वाहनाचे स्थान जीपीएस रिसीव्हरकडून लॅपटॉपवरील नकाशा व रडार सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था होय. अमेरिकेच्या मध्य भागातील मैदानी प्रदेशात, विशेषतः ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास व नेब्रास्का या राज्यांत, टोर्नेडोंचे निरीक्षण करणारे संशोधक, छायाचित्रकार आणि हौशी निरीक्षक ही व्यवस्था वापरतात. रडारच्या चित्रावर स्वतःचे वाहन एका ठिपक्याच्या रूपाने दिसत असल्याने वादळ किती अंतरावर व कोणत्या दिशेस आहे, तसेच सुटकेचा रस्ता कोणता, हे ठरविता येते. या जोडणीतील बिघाड दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात स्थान मिळतच नाही. दुसऱ्या प्रकारात चुकीचे अथवा जुने स्थान खरे भासते, आणि हा प्रकार अधिक धोकादायक मानला जातो.

इतिहास

वादळांचा पाठलाग १९५० च्या दशकात सुरू झाला. डेव्हिड होडली व रॉजर जेन्सन यांची गणना या क्षेत्राच्या आद्य प्रवर्तकांत होते. त्या काळात स्थाननिश्चितीसाठी कागदी नकाशे, रस्त्यांवरील क्रमांकफलक आणि आकाशाचे प्रत्यक्ष निरीक्षण एवढीच साधने उपलब्ध होती.

अमेरिकी शासन नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर त्रुटी मिसळत असे. त्यामुळे स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक पडे. मे २००० मध्ये ही पद्धत बंद करण्यात आली आणि स्वस्त रिसीव्हरदेखील शेजारशेजारच्या रस्त्यांतील फरक ओळखू लागले. त्यानंतर डीलॉर्म स्ट्रीट ॲटलस व मायक्रोसॉफ्ट स्ट्रीट्स अँड ट्रिप्स यांसारखी नकाशा सॉफ्टवेअर, जीआरलेव्हल३ सारखी रडार सॉफ्टवेअर आणि ग्लोबलसॅट बीयू-३५३ सारखे यूएसबी रिसीव्हर पाठलाग करणाऱ्यांच्या वाहनांत दिसू लागले. स्पॉटर नेटवर्क या व्यवस्थेमुळे निरीक्षकांची स्थाने एका सामाईक नकाशावर उपलब्ध झाली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्विस्टर (१९९६) या चित्रपटातील अभिनेते बिल पॅक्स्टन यांचे निधन झाले. तेव्हा पाठलाग करणाऱ्यांनी स्पॉटर नेटवर्कच्या नकाशावर आपापल्या स्थानांच्या ठिपक्यांनी त्यांची आद्याक्षरे रेखाटून श्रद्धांजली वाहिली होती.

पुढे स्मार्टफोनमध्ये रडार व जीपीएस एकत्र आल्याने लॅपटॉपवरील अवलंबित्व कमी झाले. तथापि मोठा पडदा, रडारच्या अनेक स्तरांचे विश्लेषण व नोंदी साठविण्याची सोय यांमुळे लॅपटॉपचा वापर टिकून आहे.

रचना

ही जोडणी एका साखळीसारखी असते. रिसीव्हर उपग्रहांचे संकेत ग्रहण करून स्थान काढतो. रिसीव्हरमधील रूपांतरक चिप ही माहिती यूएसबीवरून पाठवते. लॅपटॉपवरील ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी संवाद साधणारी आज्ञावली, तिच्यासाठी एक आभासी कॉम पोर्ट निर्माण करते. नकाशा अथवा रडार सॉफ्टवेअर त्या पोर्टवरून माहिती वाचते. स्थान इतरांना कळवावयाचे असल्यास मोबाइल इंटरनेट हा आणखी एक दुवा साखळीत येतो. कोणताही दुवा तुटला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण बहुधा सारखेच असते.

एनएमईए ०१८३

बहुतेक रिसीव्हर एनएमईए ०१८३ या मानकानुसार माहिती पाठवितात. नौकांवरील उपकरणांसाठी तयार झालेल्या या मानकात प्रत्येक संदेश साध्या मजकुराची एक ओळ असतो. ओळीची सुरुवात डॉलर चिन्हाने होते व शेवटी ताऱ्याच्या चिन्हानंतर चेकसम असतो. मूळ मानकाचा वेग ४८०० बॉड असून रचना ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट व पॅरिटीविना अशी आहे.

जीपीआरएमसी या संदेशात वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा व तारीख असते. त्यातील एका रकान्यात स्थान ग्राह्य असल्यास 'ए' आणि नसल्यास 'व्ही' हे अक्षर येते. जीपीजीजीए या संदेशात वापरात असलेल्या उपग्रहांची संख्या व उंची असते. वेग नॉटमध्ये दिलेला असतो; १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार असते, त्यामुळे उन्हाळ्यात ती ओक्लाहोमातील घड्याळापेक्षा ५ तास पुढे दिसते.

सामान्य बिघाड

पोर्टचा क्रमांक

अनेक रिसीव्हर यूएसबीच्या वेगळ्या खाचेत जोडले की विंडोज त्यांना नवा कॉम क्रमांक देते. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहते. काही जुनी सॉफ्टवेअर दोन अंकी क्रमांकांचे पोर्ट ओळखत नाहीत. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमधील पोर्टच्या प्रगत रचनेत जाऊन लहान, मोकळा क्रमांक दिला जातो. रिसीव्हर नेहमी एकाच खाचेत जोडणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

पोर्टची मक्तेदारी

विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर उघडू शकते. नकाशा सॉफ्टवेअरने पोर्ट घेतला असल्यास रडार सॉफ्टवेअरला स्थान मिळत नाही. सॉफ्टवेअर अचानक बंद पडल्यावर त्याची प्रक्रिया पार्श्वभूमीत राहून पोर्ट अडवून ठेवते, असेही घडते. एका पोर्टचे अनेक आभासी पोर्ट करणारी जीपीएसगेटसारखी सॉफ्टवेअर यासाठी वापरली जातात. लिनक्सवर हे काम जीपीएसडी ही सेवा करते; ती २९४७ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून अनेक सॉफ्टवेअरना एकाच वेळी स्थान पुरविते.

ड्रायव्हर

रूपांतरक चिपचा ड्रायव्हर नसल्यास अथवा जुळत नसल्यास कॉम पोर्ट तयारच होत नाही. प्रोलिफिक कंपनीच्या पीएल-२३०३ या प्रचलित चिपच्या नकला बाजारात आल्या. कंपनीचे नवे ड्रायव्हर या नकला तसेच काही जुन्या मूळ चिप चालवीत नाहीत. त्यामुळे विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर आदल्या दिवसापर्यंत चालणारा रिसीव्हर बंद पडू शकतो. पाठलागाच्या हंगामात, म्हणजे मुख्यतः एप्रिल ते जून या काळात, अनेक जण स्वयंचलित अद्ययावतीकरण पुढे ढकलतात ते याच कारणाने.

भाषेतील विसंगती

काही रिसीव्हर एनएमईएऐवजी स्वतःच्या भाषेत बोलतात. गार्मिन कंपनीच्या काही यूएसबी रिसीव्हरना आभासी कॉम पोर्टसाठी स्पॅनर हे त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. सर्फ चिपवर आधारित रिसीव्हर द्विमान स्वरूपात गेल्यास पोर्टवर अगम्य चिन्हे दिसतात; बॉड दर चुकल्यासही तसेच दिसते. अनेक उपग्रहप्रणाली एकत्र वापरणारे नवे रिसीव्हर संदेशाच्या आरंभी 'जीपी'ऐवजी 'जीएन' ही अक्षरे पाठवितात. केवळ 'जीपी' ओळखणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला ही ओळ वाचता येत नाही.

४८०० बॉड वेगाने सेकंदाला सुमारे ४८० अक्षरे जातात. उपग्रहांच्या तपशिलासह सेकंदाचे सर्व संदेश मिळून ही मर्यादा ओलांडू शकतात. अशा वेळी काही ओळी गळतात अथवा स्थान उशिरा येते. अनावश्यक संदेश बंद करणे किंवा दोन्ही बाजूंचा बॉड दर वाढविणे हे त्यावरील उपाय होत.

उंदराचा भास

रिसीव्हर जोडलेला असताना लॅपटॉप सुरू केल्यास विंडोज त्यातून येणारा माहितीचा ओघ जुन्या पद्धतीच्या सिरीयल माउसचा समजते, असे कधी कधी घडते. पडद्यावरील बाण आपोआप उड्या मारू लागतो व कोठेही टिचकी पडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा सिरीयल बॉलपॉइंट अक्षम केल्यावर हा प्रकार थांबतो. तो केवळ काढून टाकल्यास पुढील वेळी पुन्हा उद्भवतो.

संकेत न मिळणे

जीपीएसचा मुख्य नागरी संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर असतो. पाऊस व ढग यांचा त्यावरील परिणाम नगण्य असतो, म्हणून वादळात शिरल्यावर स्थान हरविल्यास कारण बहुधा वाहनातच सापडते. उष्णता परावर्तित करणारा धातूचा थर असलेली काच, सीटखाली सरकलेला रिसीव्हर, सैल यूएसबी तार आणि वीज वाचविण्यासाठी विंडोजने बंद केलेली यूएसबी खाच ही नेहमीची कारणे होत.

दीर्घकाळ बंद असलेल्या रिसीव्हरला उपग्रहांच्या कक्षांची माहिती नव्याने घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःची कक्षा दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो, तर सर्व उपग्रहांचे पंचांग पूर्ण होण्यास १२.५ मिनिटे लागतात. त्यामुळे पहिल्या स्थानासाठी काही वेळ थांबावे लागणे हा बिघाड नव्हे.

चुकीचे स्थान

एनएमईएमध्ये अक्षांश अंश व मिनिटांत लिहिलेला असतो. ओक्लाहोमातील एल रेनो या गावाचा अक्षांश सुमारे ३५ अंश ३२ मिनिटे आहे. तो दशांश पद्धतीत ३५.५३३ होतो. सॉफ्टवेअरने अथवा हाताने नोंद करणाऱ्याने तो ३५.३२ असा घेतल्यास वाहन प्रत्यक्षापेक्षा सुमारे २४ किलोमीटर दक्षिणेस दिसते. पश्चिम रेखांशाचे ऋण चिन्ह गळल्यास तेच वाहन चीनच्या छिंगहाय प्रांतात जाते. दुसरी चूक तत्काळ लक्षात येते. पहिली मात्र त्याच प्रदेशातील वाटत असल्याने सहज खपून जाते.

चुकीची तारीख

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत असतो. त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये घडले. जुने रिसीव्हर त्यानंतर योग्य स्थान पण सुमारे २० वर्षांपूर्वीची तारीख देऊ शकतात. नोंदीची तारीख तपासणारी सॉफ्टवेअर असे स्थान नाकारतात.

निदानाची पद्धत

निदान साखळीच्या रिसीव्हरकडील टोकापासून क्रमाने केले जाते, कारण अनेक बदल एकाच वेळी केल्यास खरे कारण कळत नाही.

१. रिसीव्हरचा दिवा पाहिला जातो. अनेक रिसीव्हरमध्ये स्थिर दिवा शोध चालू असल्याचे व लुकलुकणारा दिवा स्थान मिळाल्याचे दर्शवितो. काहींत हा संकेत वेगळा असतो.
२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट व त्याचा क्रमांक पाहिला जातो. पोर्ट नसल्यास दोष तारेत, चिपमध्ये अथवा ड्रायव्हरमध्ये असतो.
३. इतर सर्व सॉफ्टवेअर बंद करून पुट्टीसारख्या टर्मिनल सॉफ्टवेअरने तो पोर्ट उघडला जातो. पोर्ट उघडत नसल्यास तो दुसऱ्या कोणी घेतलेला असतो.
४. ओळी वाचता येत नसल्यास बॉड दर अथवा भाषा तपासली जाते. ओळी स्वच्छ असून 'व्ही' दिसत असल्यास दोष लॅपटॉपमध्ये नसून आकाशाच्या दृश्यमानतेत असतो.
५. 'ए' दिसत असल्यास टर्मिनल बंद करून मूळ सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक व तोच दर नोंदविला जातो.
६. वाहन ज्ञात चौकात उभे करून नकाशावरील स्थान पडताळले जाते.

ही तपासणी घरून निघण्यापूर्वी करण्याचा प्रघात आहे. वाहन चालू असताना चालकाने लॅपटॉप हाताळणे धोक्याचे असल्याने ते काम सहप्रवाशाकडे सोपविले जाते.

गोठलेला ठिपका

जोडणी तुटल्यावर अनेक सॉफ्टवेअर शेवटचे ज्ञात स्थान पडद्यावर तसेच ठेवतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन २ मिनिटांत ३ किलोमीटर पुढे जाते, पण ठिपका जागीच राहतो. सॉफ्टवेअर नकाशा ठिपक्याभोवती केंद्रित ठेवत असल्यास हा दोष लवकर लक्षात येत नाही. यासाठी स्थानाची वेळ, वेग व दिशा हे आकडे पडद्यावर सतत ठेवले जातात. वाहन धावत असताना वेगाचा आकडा बदलत नसल्यास स्थान जुने समजले जाते.

याच्या उलट स्थिती रडारची असते. जोडणी निर्दोष असल्यास ठिपका दर सेकंदाला बदलतो, परंतु हवामान रडारला वादळाचे सर्व उंचीवरील निरीक्षण पूर्ण करण्यास साधारण ४ ते ६ मिनिटे लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ ५ मिनिटांत ४ किलोमीटरहून अधिक पुढे जाते. म्हणजे पडद्यावर आताचे वाहन व काही मिनिटांपूर्वीचे वादळ शेजारी दिसतात. मोबाइल इंटरनेट खंडित झाल्यास हे अंतर आणखी वाढते.

३१ मे २०१३ रोजी एल रेनोजवळील टोर्नेडोची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत पोहोचली. त्याने अल्पावधीत दिशा व वेग बदलला. त्यात टिम समारास, त्यांचे पुत्र पॉल समारास व सहकारी कार्ल यंग हे अनुभवी निरीक्षक मृत्युमुखी पडले. ही दुर्घटना जीपीएसच्या बिघाडाची मानली जात नाही. मात्र अशा वादळापुढे काही मिनिटांच्या जुन्या चित्रावर विसंबता येत नाही, हे तिने दाखवून दिले. त्यामुळे जीपीएस जोडणी हे आकाशाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाचे पूरक साधन मानले जाते. पर्यायी व्यवस्था म्हणून स्वतंत्र वीजपुरवठ्याचा दुसरा रिसीव्हर अथवा फोन आणि कागदी नकाशा वाहनात ठेवण्याची पद्धत कायम आहे.

हे सुद्धा पहा

टोर्नेडो
जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली
डॉप्लर रडार
यूएसबी