मृदा-तापन, आच्छादनाने

वसंतातील पेरणीपूर्वी बागेच्या जमिनीवर काच, प्लॅस्टिक इत्यादींचे आच्छादन घालून तिचे तापमान वाढविण्याची, मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील, रीत. हिवाळ्याअखेर तेथे हवा उबदार होऊ लागली, तरी जमीन बरेच दिवस थंड राहते. ओली जमीन तर अधिकच सावकाश तापते. कारण पाणी तापण्यास पुष्कळ उष्णता लागते व काही उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. लेट्यूसचे बी ५° से.च्या सुमारासही रुजते, काकडीस सु. १५° से. तापमान लागते व थंड, ओल्या मातीत तिचे बी कुजते. म्हणून पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच वाफे झाकून ठेवतात.

रोमन सम्राट टायबीरिअस (कार. इ. स. १४–३७) याच्यासाठी काकडीचे वाफे चाकांवर ठेवून उन्हात फिरवीत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली नेत, असे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. व्हर्साय येथील राजोद्यानात झां बातीस्त द ला कँतिनी (१६२६–८८) याने काच व घोड्याची लीद यांच्या साहाय्याने चौदाव्या लुईसाठी मार्चअखेरीस स्ट्रॉबेरी पिकविली. हे सर्व राजाच्या ताटापुरते होते. त्याचा धंदा केला तो पॅरिसच्या भाजी-बागाइतदारांनी.

एकोणिसाव्या शतकात या बागाइतदारांपाशी घंटेच्या आकाराची काचेची झाकणे (क्लॉश) व काचेच्या चौकटी लाखोंनी होत्या. मोरो व दाव्हेर्न या दोघा व्यावसायिकांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन आढळते. मातीखाली ताज्या लिदीचा थर देत; ती कुजताना निर्माण होणारी ऊब काच धरून ठेवी. ऊन चढले की घंटेची एक कड खाचा पाडलेल्या काठीवर उचलून वारा द्यावयाचा, तिन्हीसांजेला ती मिटवून वर गवताच्या चटया टाकावयाच्या, हा नित्यक्रम. तो एक दिवस चुकला तरी रोपे होरपळत किंवा गोठत. गारपिटीत काचाच फुटत. वर्षानुवर्षे लीद घालून बनविलेली माती हेच बागाइतदाराचे खरे भांडवल असे. खंडाची जागा सोडताना ठराविक खोलीपर्यंतची माती सोबत नेण्याची अट करारात घातली जाई, असे क्रपॉटकिन यांनी फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स (१८९९) या ग्रंथात सांगितले आहे. पुढे मोटारी आल्या, शहरातील घोडे गेले व लीद मिळेनाशी झाली. दक्षिणेकडून रेल्वेने येणारी भाजी स्वस्त पडू लागली आणि वाढत्या शहराने बागांची जमीनही घेतली. काच शिल्लक होती, पण तिच्याखालची ऊब राहिली नाही.

ब्रिटनमध्ये एल्. एच्. चेस यांनी १९१२ मध्ये तावदाने तारेने जोडून सलग रांगेत मांडता येणारे क्लॉश तयार केले. त्यांत लीद नसे. सूर्याच्या उष्णतेवरच भिस्त असे. १९३३ मध्ये शोध लागलेल्या पॉलिएथिलिनाने मात्र काचेचा खर्च व ओझे दोन्ही संपविले. केंटकी विद्यापीठातील ई. एम्. एमर्ट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर भाजीपाल्याच्या लागवडीत अशा पटलांचे प्रयोग केले. पारदर्शक पटलाखाली ५ सेंमी. खोलीवरील माती उघड्या मातीपेक्षा सु. ४–८° से.ने अधिक तापते. पण तिच्यात तणही माजते. काळे पटल तण दडपते. मात्र ते स्वतःच तापत असल्याने मातीला घट्ट चिकटून नसेल, तर उष्णता खाली पोहोचत नाही व वाढ सु. ३° से.चीच राहते. गवताचे किंवा पेंढ्याचे आच्छादन ऊन अडवून जमीन थंड ठेवते. त्यामुळे वसंतारंभी ते घालणे ही चूकच ठरते.

उष्ण प्रदेशांत हेच तत्त्व निराळ्या हेतूने वापरले जाते. इझ्राएलमध्ये जे. काटान व त्यांचे सहकारी यांनी ओल्या जमिनीवर भर उन्हाळ्यात पारदर्शक पटल पसरून रोगकारक कवके मारण्याची पद्धत १९७६ मध्ये मांडली. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यातही पेरणीपूर्वी माती तापते व तणाचे बी जळते. पण तेथे शेण, फांद्या व पालापाचोळा यांचे आच्छादनच पेटवून दिले जाते.