लाल अंबाडीची कुळकथा

‘हिबिस्कस टी’ या नावाने दुकानांतून मिळणाऱ्या गडद लाल, वाळलेल्या फुलांना मराठीत सर्रास ‘जास्वंदीचा चहा’ म्हटले जाते आणि पाकिटांवरही कित्येकदा गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या जास्वंदीचेच चित्र असते. वस्तुतः आत असते ती लाल अंबाडी. दोन्ही वनस्पती हिबिस्कस या एकाच प्रजातीतल्या असल्या, तरी जास्वंदीच्या पाकळ्या रंग देतात, लाल अंबाडीचा आंबटपणा मात्र त्यांच्यात नाही. लाल अंबाडीच्या पेयाला तर पाकळ्या लागतच नाहीत. तिचे फूल दिवसभरात कोमेजते आणि त्यानंतर त्याचा संवर्त, म्हणजे फुलाला तळाशी धरणारा दलांचा पेला, वाळून न जाता जाड, मांसल व आंबट होत जातो आणि कोवळ्या फळाला वेढून टाकतो. आतले फळ काढून टाकून हे आवरण, म्हणजेच बोलण्यातले बोंड, तेवढे वाळवले की बाजारातली ‘फुले’ तयार होतात. चहाच्या झुडपाशी त्यांचे काही नाते नाही.

नाते आहे ते ज्वारीशी, आणि या पेयाच्या मुळाचा सर्वांत अनपेक्षित धागा तिथेच सापडतो. मराठवाड्यात व विदर्भात अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, वरून लसणाची खमंग फोडणी देतात आणि ज्वारीच्याच भाकरीबरोबर खातात. हा बेत अस्सल देशी मानला जातो. परंतु ज्वारी मूळची पूर्व सुदानच्या परिसरातली असून बाजरी आणि नाचणी या आपल्या आफ्रिकी भावंडांप्रमाणे ती इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात भारतात रुजू लागली, हे पुरातत्त्वाने आता बऱ्यापैकी निश्चित केले आहे. तिच्या भांड्यात शिजणारी अंबाडीही त्याच मातीतून आली असावी, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

या मताला जुना प्रतिस्पर्धी आहे. अनेक ग्रंथांत लाल अंबाडीचे मूळ स्थान भारतापासून मलायापर्यंतचा पट्टा असे दिलेले असते आणि त्याला आधारही आहेत: आंध्र-तेलंगणात ‘गोंगुरा’ म्हणून आणि म्यानमारमध्ये ‘चिन बाउंग’ म्हणून हिचा पाला रोजच्या जेवणात असतो, तर जावा बेटावर पाला खाल्ला जात असल्याची नोंद सतराव्या शतकाइतकी जुनी आहे. मात्र एखादे पीक कुठे मनापासून खाल्ले जाते, यावरून ते कुठे जन्मले हे ठरत नाही. तसे असते तर मिरची भारतीय ठरली असती. निर्णायक पुरावा पेशींत मिळतो. मराठीत ‘अंबाडी’ हे नाव दोन जातींना चालते: वाखासाठी पेरली जाणारी साधी अंबाडी, जिच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात, आणि लाल अंबाडी, जिच्यात ती ७२ असतात. मार्गारेट मेंझेल आणि एफ. डी. विल्सन या संशोधकांनी विसाव्या शतकात या गटातील जातींचे संकर करून दाखवून दिले, की लाल अंबाडीत गुणसूत्रांचे दोन वेगवेगळे संच एकत्र आले आहेत आणि त्यांपैकी एक संच साध्या अंबाडीशी जुळतो. म्हणजे लाल अंबाडी ही साध्या अंबाडीच्या कुळातील एखादी वनस्पती आणि दुसरी एखादी रानजात यांच्या मीलनातून निपजली. असे मीलन जिथे दोन्ही बाजूंचे रानटी नातलग शेजारी उगवतात तिथेच संभवते, आणि या नातलगांची खरी दाटी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहे. एवढ्यानंतर आशियाई मुळाचा आग्रह धरणे कठीण आहे. भारतात ती ज्वारीच्याच वाटेने, अरबी समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने आली, हे मात्र अनुमानच आहे; कण्या आणि पाला यांची घट्ट सांगड त्याकडे बोट दाखवते, पण ते सिद्ध करत नाही.

मग भारताने पाला घेतला, वाख घेतला, पण पेय का घेतले नाही? बोंडांची चटणी व सरबत इथेही होते, तरी ते भाजीच्या मानाने दुय्यमच राहिले. याचे उत्तर बियाण्याच्या निवडीत असावे. आशियात या जातीचा उंच, जवळजवळ फांद्या नसलेला प्रकार धाग्यासाठी जोपासला गेला आणि त्याचे संवर्त कोरडे, खाण्यास निरुपयोगी असतात. आफ्रिकेत मात्र बुटके, फांद्यांनी डवरलेले, मांसल बोंडांचे प्रकार टिकले. तिथेही पेय बहुधा शेवटी आले. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांच्या मते ही वनस्पती प्रथम बियांसाठी लागवडीखाली आली, आणि सुदानात ‘फुरुंदू’ व बुर्किना फासोत ‘बिकालगा’ या नावांनी तिच्या बिया आंबवून आजही मसाल्यासारख्या वापरतात, ही गोष्ट त्या मताला बळ देते. आधी बी, मग पाला, मग बोंड, असा तो क्रम दिसतो.

या क्रमाचा आणखी एक साक्षीदार अटलांटिकच्या पलीकडे आहे. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हे बियाणे अमेरिका खंडात पोहोचले, असे मानले जाते. सतराव्या शतकात ते ब्राझीलमध्ये होते आणि जमैकातील नोंद १७०७ ची आहे. जमैकात या पेयाला ‘सॉरेल’ म्हणतात, आणि सॉरेल म्हणजे युरोपातील चुका. फ्रेंचांनीही हिला ‘गिनीचा चुका’ अशा अर्थाचे ‘ओझेय द गिने’ हे नाव दिले. ‘रोझेल’ हे इंग्रजी नाव त्याच ‘ओझेय’चा अपभ्रंश असावे, गुलाबाशी त्याचा संबंध जोडणे रंगावरून सुचलेले दिसते. हे नाव केवळ चवीवरून पडले, असा आक्षेप घेता येईल. परंतु आंबट फळांची युरोपीयांना वाण नव्हती. त्यांनी नेमकी पालेभाजी आठवावी, यावरून गिनीच्या किनाऱ्यावर त्यांनी हिला प्रथम पाला म्हणूनच ओळखले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मेक्सिकोने पुढे या पेयाला ‘जमैका’ असेच नाव दिले.

जमैकात सॉरेल नाताळात पितात, त्याचे कारण दिवसमानात आहे. लाल अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीस पेरलेल्या पिकाची बोंडे नोव्हेंबर-डिसेंबरात भरतात. किंग्स्टन आणि पुणे जवळपास एकाच अक्षांशावर, १८ अंशांच्या आसपास आहेत, त्यामुळे इकडे मार्गशीर्षात अंबाडीची बोंडे तोडली जात असताना तिकडे सणाची घागर भरली जात असते.

घरी करण्याच्या दोन पद्धती आहेत. सुदान-इजिप्तमध्ये, जिथे हे पेय ‘करकदे’ म्हणून ओळखले जाते, वाळलेली बोंडे बरेचदा थंड पाण्यात रात्रभर भिजवतात. लिटरभर पाण्याला २० ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर, पुरतात. दुसरी पद्धत उकळत्या पाण्याची: पातेले विस्तवावरून उतरवून मगच बोंडे घालावीत आणि दहा मिनिटांत गाळावीत, कारण फार उकळल्यास रंग मळतो आणि तुरटपणा वाढतो. हा लाल रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यांचा असून तो आम्लामुळेच टिकतो. चिमूटभर खाण्याचा सोडा पडला की तो निळसर काळा होतो. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे, लोखंडाचे मुळीच नको.

स्वादाच्या बाबतीत उसनवारीची दिशा उलटते. सेनेगलमध्ये ‘बिसाप’मध्ये पुदिना घालतात, नायजेरियात ‘झोबो’त आले व लवंग, त्रिनिदादमध्ये लवंग व दालचिनी, जमैका आल्याबरोबर स्वतःच्या बेटावरचे ऑलस्पाइस आणि रम घालते. ऑलस्पाइस, रम आणि पुदिना सोडले तर आले, लवंग, दालचिनी आणि त्यांना सांधणारी उसाची साखर ही सारी आशियाची देणगी आहे. आफ्रिकेच्या बोंडाला चव आणली ती आशियाने.

मराठी स्वयंपाकघराने मात्र आल्या-लवंगेपेक्षा कोकमाकडे पाहावे. लाल अंबाडीतील ‘हिबिस्कस आम्ल’ आणि कोकमाच्या गार्सिनिया प्रजातीत आढळणारे आम्ल ही दोन्ही हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाची रूपे आहेत. त्यांतील अणू तेच, फक्त अवकाशातील मांडणी वेगळी. त्यामुळे कोकणात व गोव्यात कोकम सरबताला जे लागते तेच इथेही शोभते: भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव आणि साखर. गूळ चवीला चालतो, पण त्याचा तपकिरी रंग लालीवर चढतो, म्हणून तो घालायचाच तर पेला भरल्यानंतर, बेतानेच घालावा.