वाळीत टाकलेले बून आणि कौंडण्यपूरची कोतवाल पंजी

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्याने व्हॉट्सॲपवर एक प्रश्न टाकला होता. त्याच्या ऑफिसात एक अमेरिकन सहकारी आहे, तो म्हणाला की आमचं घराणं १७१० च्या आसपास इंग्लंडमधून पेन्सिल्व्हेनियात आलं, क्वेकर होतं, आणि दहा पिढ्यांची नावं माझ्याकडे आहेत. आपल्या श्रोत्याचा प्रश्न असा की, "दादा, मले माह्या पणजोबाचं नाव सांगता येते, त्याच्या बापाचं नाही. त्याहीले दहा पिढ्या कशा काय सापडतात?"

खरं सांगतो, प्रश्न वाचला तेव्हा मी स्वतःच पणजोबाच्या शोधात होतो. हौस म्हणून नाही. चुलतभावाच्या मुलीला जात पडताळणीसाठी कागद हवे होते. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी ॲडमिशनच्या वेळी धावपळ केली त्यांना पाठ असेल. आमचं मूळ गाव कौंडण्यपूरच्या जवळ, तिवसा तालुका, अमरावती जिल्हा. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. एक क्वेकर घराणं अमेरिकेतलं, आणि एक आमचं, वर्धा नदीच्या काठचं.

आधी क्वेकर म्हणजे कोण ते पाहू. ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला माणूस आठवतो? तो क्वेकर, पण त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही, फक्त नाव आणि चित्र वापरलं. खरे क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे उभे राहिलेले लोक. पाद्री नको, बाप्तिस्मा नको, शपथ घ्यायची नाही, युद्ध करायचं नाही. प्रार्थनेला शांत बसायचं आणि ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. सरकारी चर्चला हे खपणं शक्यच नव्हतं. हजारो लोक तुरुंगात गेले. १६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकर माणसाला राजाने अमेरिकेत प्रचंड जमीन दिली, कारण राजाकडे पेनच्या वडिलांचं कर्ज थकलं होतं. तीच पेन्सिल्व्हेनिया. तिथे लेनापी लोक आधीपासून राहत होते, हे राजाच्या सनदेत कुठे आडवं आलं नाही.

(आपल्याकडेही क्वेकर आले होते बरं का. मेळघाट ओलांडून सातपुड्याच्या पलीकडे उतरलं की होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. रेचल मेटकाफ नावाची बाई १८६६ मध्ये भारतात आली आणि पुढे तिने त्या भागात काम केलं. पण तो वेगळ्या भागाचा विषय.)

आता मुद्दा. इंग्लंडमध्ये त्या काळी जन्म-लग्न-मृत्यूची नोंद कुठे व्हायची? चर्चच्या वहीत. बाप्तिस्मा झाला की नाव चढायचं. क्वेकर तर बाप्तिस्माच घेत नव्हते. मग त्यांनी स्वतःच्या वह्या सुरू केल्या. प्रत्येक ठिकाणच्या क्वेकरांची महिन्याला सभा भरायची आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जायचं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कुणाशी लग्न करू म्हणतंय. लग्नाला पाद्री नसल्यामुळे हजर असलेले सगळे लोक लग्नपत्रावर सही करायचे, म्हणजे एका कागदावर अख्खा गोतावळा! दुसऱ्या गावी राहायला जायचं तर जुन्या सभेकडून दाखला न्यायचा, नवीन सभेत दाखवायचा. शाळेच्या टीसीसारखं समजा. त्यामुळे माणूस हजारो किलोमीटर गेला तरी माग तुटत नाही.

उदाहरण म्हणून एक घराणं घेऊ. डॅनियल बून हे नाव अमेरिकेत पोरांना शाळेपासून माहीत असतं. केंटकीच्या जंगलातून वाट काढणारा शिकारी, १७७५ मध्ये बून्सबरो वसवणारा. शॉनी लोकांच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या शिकारीच्या रानात घुसलेला माणूस. त्याचा आजा जॉर्ज बून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला विणकर. त्याने आधी तीन मोठी मुलं पाठवली, तिकडचा अंदाज घेतला, आणि १७१७ मध्ये बायको आणि उरलेल्या मुलांसह फिलाडेल्फियाला उतरला. येताना दाखला आणला होता, तो ग्विनेडच्या सभेत दाखवला. तशी नोंद आहे.

इथपर्यंत सगळं गुळगुळीत. पण मला मजा पुढे वाटली. १७२० मध्ये जॉर्ज बून पुन्हा वहीत येतो, यावेळी माफी मागताना. आपल्या मुलीच्या लग्नाला त्याने सभेची रीत सोडून घाईने होकार दिला होता. त्याच वर्षी त्याचा मुलगा स्क्वायर बून याने सारा मॉर्गनशी रीतसर लग्न केलं. सारा वेल्श घरातली. वेल्श लोकांची नावाची जुनी पद्धत म्हणजे 'अमुक ॲप तमुक', तमुकचा मुलगा अमुक. आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या कागदावर 'अमुक वल्द तमुक' असतं ना, अगदी तसंच. आडनाव नाहीच.

मग १७४२. स्क्वायर आणि साराच्या मुलीने, तिचंही नाव सारा, क्वेकर नसलेल्या माणसाशी लग्न केलं. सभा बसली. चौकशी झाली. बापाने चूक कबूल केली, प्रकरण मिटलं. पाच वर्षांनी थोरला मुलगा इस्रायल तेच करून बसला, बाहेरची बायको. सभेने पुन्हा बापाला जाब विचारला. यावेळी स्क्वायर वाकला नाही. १७४८ मध्ये सभेने त्याला बाहेर काढलं.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? वाळीत टाकणं! मी हे वाचलं आणि पहिला शब्द तोच आला डोक्यात. पण फरकही सांगायला हवा, नाहीतर उगाच जुळवाजुळव होईल. क्वेकरांनी बाहेर काढलं म्हणजे सभासदत्व गेलं, सभेच्या कारभारात बोलायचा हक्क गेला. प्रार्थनेला येऊन बसायला बंदी नसायची. विहीर बंद, किराणा बंद, मयताला खांदा बंद, असं नाही. आपल्याकडे जात पंचायतीने हे सगळं केलेलं आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

पण वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने बघा. बून घराणं सरळमार्गी राहिलं असतं तर काय उरलं असतं? जन्म, लग्न, मृत्यू, तीन तारखा. त्यांचा स्वभाव, त्यांचा हट्ट, कोण वाकलं आणि कोण नाही, हे कळतं ते त्यांनी नियम मोडला म्हणून. सभेला घराण्याचा इतिहास जपायचा नव्हताच. आपल्यातलं पोरगं बाहेर लग्न करत नाही ना, यावर नजर ठेवायची होती. नजर ठेवण्यासाठी लिहिलेल्या वह्या आज नातवंडांच्या कामी येतात. त्या वह्यांतल्या नोंदी एकत्र करून छापायला सुरुवात केली १९३६ मध्ये विल्यम वेड हिन्शॉ या माणसाने, जो मूळचा ऑपेरा गायक!

आणखी एक. स्क्वायरला काढलं, पण सारा सभेतच राहिली. १७५० च्या सुमारास कुटुंब दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालं तेव्हा तिने स्वतःच्या आणि लहान मुलांच्या नावे दाखला मागून घेतला. क्वेकर बायकांच्या सभा वेगळ्या भरायच्या, त्यांची इतिवृत्तं वेगळी असायची. त्यामुळे बाई 'अमक्याची बायको' एवढीच उरत नाही. मात्र याच पेन्सिल्व्हेनियात बऱ्याच क्वेकरांकडे गुलाम होते. १६८८ मध्ये जर्मनटाऊनच्या काही लोकांनी त्याविरुद्ध लेखी निषेध केला, पण फिलाडेल्फियाच्या मोठ्या सभेने सभासदांना गुलाम ठेवायला पक्की बंदी घातली ती १७७६ मध्ये. त्या गुलामांच्या वंशजांना दहा पिढ्या सापडत नाहीत. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत एक पहिलं नाव आणि समोर किंमत, एवढंच मिळतं बहुतेकदा. म्हणजे श्रोत्याच्या त्या सहकाऱ्याला दहा पिढ्या मिळाल्या, त्याच्या शेजारच्या काळ्या सहकाऱ्याला मिळतीलच असं नाही.

चला, आता गावाकडे.

कौंडण्यपूर म्हटलं की रुक्मिणीचं माहेर, विदर्भाच्या राजाची राजधानी, हे कुणीही सांगेल. कार्तिकात जत्रा, आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, आणि ती परंपरा १५९४ पासूनची सांगतात. मोरेश्वर दीक्षितांनी १९६० च्या दशकात इथे उत्खनन केलं तेव्हा जुन्या वस्तीचे थरावर थर निघाले. एवढं प्राचीन गाव, आणि माझ्या पणजोबाचा बाप सापडत नाही! हसू नका.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. नंतर जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला, गावोगाव नोंदवह्या आल्या. शोधणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची वही म्हणजे कोतवाल पंजी, गाव नमुना चौदा. जन्म आणि मृत्यू. आता यात काय लिहिलेलं असतं? तारीख, बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी. पोराचं नाव बहुतेक नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली. आईचं नाव क्वचित. मी ज्या पानांवर बोट फिरवलं तिथे आमच्या घरात 'मुलगी', 'मुलगा', 'मुलगी' असं तीनदा आलंय. यातला माझा आजा कोणता, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून जुळवावं लागलं. आणि शाळेतली जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. जुळली नाही, अर्थातच.

तारखांचा घोळ तिकडेही आहे. क्वेकर जानेवारी-फेब्रुवारी म्हणत नसत, ती परक्या देवांची नावं. 'पहिला महिना', 'दुसरा महिना' असं लिहायचे, आणि १७५२ पर्यंत त्यांचा पहिला महिना मार्च होता! त्या वर्षी इंग्रजांनी कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले. म्हणून डॅनियल बूनची जन्मतारीख कुठे २२ ऑक्टोबर १७३४ दिसते, कुठे २ नोव्हेंबर. आपल्याकडे जुना कागद शकात असेल तर ७८ मिळवा, फसलीत असेल तर साधारण ५९०. आणि कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधा, गूगल लेन्सवर विसंबू नका.

पंजीतली मृत्यूची पानं मात्र जपून उघडा. १८९९-१९०० च्या दुष्काळाची पानं भरगच्च असतात. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाख झाली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली. पुन्हा १९१८ च्या तापाच्या साथीत तसंच. आमच्या घरातले दोन मृत्यू त्याच वर्षीचे, आठ दिवसांच्या अंतराने.

सरकारी कागदापलीकडे भाटांच्या वह्या आहेत, तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकला आपलं गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड उघडतात, आणि कधीकाळी दहाव्याला आलेल्या पूर्वजाची सही किंवा अंगठा समोर येतो. पण हेही सगळ्यांसाठी नाही. तीर्थाला जायला पैसा लागायचा, आणि कोणाला घाटावर उभं करायचं ते ठरलेलं होतं. गावात जन्म-मृत्यूची वर्दी देत फिरणाऱ्या कोतवालाच्या स्वतःच्या घराण्याची वही कुठल्याच घाटावर नव्हती. त्याच्या नातवाला आज पडताळणीसाठी कागद लागतो तेव्हा त्याच पंजीकडे यावं लागतं, कारण जातीचा रकाना तिथे न चुकता भरलेला असतो.

आता आमचा पणजोबा कुठे सापडला ते ऐका. पंजीत तो नुसता बाप म्हणून होता. माणूस म्हणून सापडला एका फेरफारात. विहिरीवरून भावाभावांत भांडण झालं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत, पण कुणी बोलत नाही. बुढा म्हणायचा, "जाऊ दे ना बापा, काहून काढतं ते?" त्या भांडणामुळे कागद झाला. कागदात विहिरीची दिशा, आंब्याचं झाड, पाळीचे दिवस आणि पणजोबाच्या बापाचं नाव. वल्द करून. बून घराण्यासारखंच आमचं झालं बघा, भांडले म्हणून उरले.

त्याच्या खाली आणखी एक फेरफार होता, १९५८ चा, पणजोबा गेल्यानंतरचा. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा आला, मुलींची नावं वारसांत लावावी लागली. लावली, आणि लगेच पुढच्या ओळीत हक्क सोडल्याचं लिहिलं. अंगठा. चार भाऊ आम्हाला माहीत होते. या कागदावर दोन बहिणीही आहेत. एक आजीच्या बोलण्यात यायची. दुसरीचं नाव घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं. पंजीतल्या तीन नोंदींपैकी पहिली 'मुलगी' बहुधा हीच. जमीन सोडायच्या दिवशी तिला नाव मिळालं.

कागदावर तिच्या सासरचं गाव आहे. नदीपल्याड, आर्वीकडे. चुलतभावाच्या मुलीचे कागद भरून झालेत, त्यासाठी आता या बाईची गरज नाही. पण त्या गावच्या एका ओळखीच्या माणसाने तिच्या नातवाचा नंबर पाठवलाय, आणि मी पुढच्या रविवारी जातोय. भाऊ म्हणतो, नको जाऊस, त्यांना वाटेल आपण वाटणीचं काढायला आलो, नाहीतर आपल्यालाच वाटेल ते वाटणी मागतील.

रविवारी काय झालं ते पुढच्या भागात सांगेन. तुमच्याकडे असा एखादा फेरफार असेल तर फोटो पाठवू नका, त्यात लोकांची नावं असतात. फक्त गोष्ट सांगा, व्हॉइस नोट चालेल.