जुनी दोन आसनी उघडी मोटार घेताना

कापडी टप मागे दुमडून घाटरस्त्यांवर फिरण्यासाठी बनवलेली दोन आसनी मोटार म्हणजे रोडस्टर. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही रोडस्टर बाजारात आणली आणि परदेशांत अशा मोटारी सामान्य नोकरदाराच्याही आवाक्यात आल्या. भारतात वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडे असावे लागते आणि आयातशुल्कही जबर असते. त्यामुळे कमी खर्चात हा शौक पुरवू पाहणाऱ्या सातारा-सांगलीकडील ग्राहकाची नजर देशातच बनलेल्या दोन मोटारींकडे वळते. एक गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म आणि दुसरी अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झालेली चिंकारा रोडस्टर. दोन्ही फार थोड्या संख्येने बनल्या आणि गावोगाव सेवा केंद्रांचे जाळे त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. म्हणूनच मोटार दिसते कशी यापेक्षा बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

दोन मोटारी, दोन इंजिने

सॅन स्टॉर्म १९९८ च्या सुमारास बाजारात आली. तिचे आरेखन फ्रान्समध्ये झाले. बाह्यांग फायबर ग्लासचे असून इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसी क्षमतेचे व सुमारे ६० अश्वशक्तीचे आहे. मोटार वजनाला हलकी असल्याने एवढी शक्ती तिला पुरते. हे इंजिन मुळात वाईट नाही; परंतु भारतात मोठ्या संख्येने खपलेल्या मोटारींमध्ये ते नव्हते. साहजिकच टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, सेन्सर आणि इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजेच ईसीयू, यांपैकी काही निकामी झाले तर ते जवळच्या दुकानात मिळत नाही.

चिंकारा रोडस्टर ही १९५७ च्या ब्रिटिश लोटस सेव्हनच्या धर्तीवर बांधलेली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन वापरले गेले. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा व अॅम्बॅसॅडर या मोटारींत हेच इंजिन असल्याने ते जाणणारे मेकॅनिक देशभर आहेत. काँटेसा आणि अॅम्बॅसॅडर या दोन्हींचे उत्पादन केव्हाच थांबले असले तरी जुन्या बाजारात सुटे भाग शोधण्याची सोय राहते. सुखसोयींच्या बाबतीत स्टॉर्म सरस आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र चिंकारा सोपी.

फायबरखालचे लोखंड

फायबर ग्लास गंजत नाही, या एका वाक्यावर विक्रेते बरेच काही विकून जातात. फायबरखालची चॅसी लोखंडीच असते व ती गंजते. गोव्याच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत वर्षे काढलेली मोटार रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. वेल्डिंगचे जोड, सस्पेन्शनच्या बैठका व सीटखालचे पत्रे टोकदार हत्याराने टोचून पाहावेत. बिजागऱ्या आणि दिव्यांच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तिथे कधीतरी धक्का बसला आहे असे समजावे.

विजेचा दोषही या बांधणीतूनच येतो. पत्र्याच्या मोटारीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची तार ओढावी लागते. तिचे जोड गंजले की दिवे लुकलुकतात आणि काटे चुकीचे दाखवतात. अनेकदा बिघाड साध्या तारेत असतो आणि ग्राहक नव्या सुट्या भागांवर पैसे घालवून बसतो.

पूर, पाऊस आणि घाट

सांगलीत जुनी मोटार पाहताना तिच्यात पुराचे पाणी शिरले होते का, हे तपासणे अगत्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ५७ फुटांवर गेली होती. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या मोटारीतही सतरंजीखाली, सीटच्या रुळांत, दिव्यांच्या काचेआड आणि स्टेपनीच्या खळग्यात गाळाचा थर सापडतो. सीटचे बोल्ट गंजलेले व फ्यूजपेटीतली तांब्याची टोके हिरवी पडलेली असतील तर ती मोटार सोडून द्यावी.

साताऱ्याच्या पश्चिमेला प्रश्न पावसाचा आहे. महाबळेश्वर परिसरात पावसाळा घालवलेल्या मोटारीचा कापडी टप गळत नाही याची खात्री करावी. पाण्याचा पाइप सोडून दहा मिनिटांनी आत हात फिरवला की उत्तर मिळते.

चाचणीसाठी वाई ते पाचगणी हा पसरणी घाट उत्तम. बारा-तेरा किलोमीटरांत सुमारे साडेपाचशे मीटर चढ आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावे, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले नसावे. वर पोचल्यावर मोटार उभी करून इंजिन चालू ठेवावे, म्हणजे रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो की नाही ते कळते. कुलंटमध्ये तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का, तेही पाहावे.

आणखी एक नवी अडचण म्हणजे आजचे पेट्रोल. त्यात २० टक्के इथेनॉल असते. या मोटारींच्या काळातल्या रबरी नळ्या व सील त्यासाठी बनवलेले नव्हते. इंधनाच्या सर्व नळ्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

इथे काय दुरुस्त होते

यंत्रकामाची परंपरा या भागाला जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात कूपर कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडली. कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर बुश, पिन, ब्रॅकेट करून देणारे कसबी कारागीर मिळतात. फायबरची डागडुजी, रेक्झिनचे काम, रेडिएटरची दुरुस्तीही होते. ईसीयू, सेन्सर आणि काच मात्र लेथवर घडत नाहीत. खरेदीपूर्वी या वस्तूंची यादी करून त्या कुठून मिळतील याची चौकशी करावी. ज्या मालकाने असे सुटे भाग जमवून ठेवले असतील, त्याच्या मोटारीला चार पैसे जास्त देणे परवडते.

इंजिनच बदलून टाकू, असा सल्लाही दिला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत. परवानगी व नोंदीशिवाय बदललेले इंजिन असलेली मोटार घेणे म्हणजे दुसऱ्याची अडचण विकत घेणे होय.

कागदपत्रे

चॅसी व इंजिनावर कोरलेले क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. डिसेंबर २०२० मध्ये डीसी अवंती या भारतीय स्पोर्ट्स मोटारीच्या प्रकरणात एकाच मोटारीची एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी आणि तिच्यावर अनेक कर्जे, अशा आरोपांचा तपास मुंबई पोलिसांनी सुरू केला होता. मर्यादित संख्येने बनणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ही खबरदारी म्हणूनच अधिक महत्त्वाची.

गोव्याच्या क्रमांकाची मोटार असल्यास तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आधी हाती घ्यावे. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, तर कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. त्यानंतर सांगलीत एमएच-१०, साताऱ्यात एमएच-११ किंवा कराडला एमएच-५० असा नवा क्रमांक मिळतो व महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी हे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये केले. पर्यावरण कर वेगळा. नोंदणीची मुदत संपलेली मोटार स्वस्त मिळते, पण योग्यता तपासणीत ती नापास झाली तर अंगणातच उभी राहते.

विम्याचेही आधी ठरवावे. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या मोटारीची विमा रक्कम कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. दाव्याच्या वेळी फायबरच्या भागांवर ३० टक्के, तर रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो. जिचे अंगच फायबरचे, त्या मोटारीच्या मालकाला ही वजावट जाणवते.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम क्रमांक व कागद, मग चॅसी, त्यानंतर घाटातील चाचणी आणि शेवटी रंग व टप. पूर्ण पैसे नाव लागल्यावरच द्यावेत. घरात रोजच्या कामासाठी दुसरे वाहन असेल आणि सुटा भाग येईपर्यंत दोन-तीन महिने थांबण्याची तयारी असेल, तरच ही मोटार घ्यावी.